वरची ओळ कोरी

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आधी शपथ घे की यातलं अक्षरही बाबांच्या कानावर जाणार नाही. घेतलीस? मग वाच.

मी कॉलेज सोडलं. झालं, लिहून टाकलं. आमचे एक सर वारले, त्यांच्या नावाची दगडी पाटी करून आणायला मला पाठवलं होतं. पाटी कॉलेजात पोचली, मी नाही पोचलो. त्या कारखान्यातच राहिलो. थडग्यांचे दगड, इमारतींच्या पाट्या, देणगीदारांची नावं, असलं सगळं इथे कोरलं जातं. मालकांची मुलगी दगडावर खडूने अक्षरं आखते आणि मी ती छिन्नीने कापतो. माझ्याशी ती दिवसाकाठी चार वाक्यं बोलते, त्यातली तीन 'भुकटी झटक' अशी असतात. पण चौथ्यासाठी मी जन्मभर दगड फोडायला तयार आहे. हसू नकोस.

आता मुद्द्याचं. आत्या, मला भीती वाटते. खरंच वाटते. रात्री दाराला खुर्ची लावून झोपतो.

मालक म्हणजे एक उभा कातळ आहे. कधी 'ये' नाही, 'जा' नाही. ऑफिसच्या खिडकीत खुर्ची टाकून बसतात. त्यांना बायबलातली शहाण्यांची वचनं तोंडपाठ आहेत. मेलेल्या माणसाबद्दल घरच्यांचं ऐकून घेतात आणि नेमकं वचन काढून देतात, म्हणून लांबून लोक येतात. गेल्या आठवड्यात खडू देताना तिच्या बोटाला माझं बोट लागलं. दुसऱ्याच दिवशी माझा कामाचा लाकडी ओटा हलवून खिडकीखाली आणला गेला. बरोबर मालकांच्या नजरेसमोर! आणि तेव्हापासून रोज सकाळी मी पहिला घाव घातला की वरून त्यांचा आवाज येतो. घंटेसारखा. एकच वाक्य, माझ्याकडे बघत. मग शांतता. मग दुसरं. सगळी वाक्यं नाशाची. तिचा पत्ता नसतो, मी आणि ते, मध्ये नुसती खिडकी.

ती वाक्यं मी इथे लिहीत नाही. लिहिली तर खरी होतील असं वाटतं.

तू जन्मभर ती वचनं शिकवलीस. मला सांग, हा माणूस मला काय करणार आहे?

तुझाच

---

९ फेब्रुवारी

चिडक्या बिब्ब्या,

शपथ घेतली. पण तुझा बाप माझा धाकटा भाऊ आहे, तो आतून किती झुरतोय ते मी समोर बसून बघते. तू पत्र पाठवतोस हे बरं. फोनवर मला हल्ली नुसतं तुझं ओरडणं पोचतं, शब्द वाटेतच गळतात.

मुलीबद्दल मी काही बोलणार नाही. चौथं वाक्य काय असतं ते मात्र कळव.

तू भ्यायलास हे वाचून मीही भ्याले, कारण तू घाबरलास की मारायला धावतोस. लहानपणी अंधाऱ्या खोलीत स्वतःच्याच कोटाला गुद्दे घातले होतेस. तेव्हा आधी हात खिशात घाल आणि ऐक.

ती वचनं म्हणजे शाप नव्हेत. एकेक वचन म्हणजे दोन खोल्यांचं घर आहे, मध्ये दार. पहिल्या ओळीत एक चित्र ठेवतात. दुसरीत कधी तेच चित्र पुढे सरकतं, कधी उलटं होतं. रचणाऱ्यांची करामत अशी, की 'सारखं' किंवा 'जसं' हा शब्दही बरेचदा खर्च करत नाहीत. एक वस्तू आणि एक माणूस शेजारी ठेवून निघून जातात, जोडायचं काम तुझ्यावर. एका ठिकाणी दोन बायका आपापल्या दारातून वाटसराला हाका मारतात. एक शहाणपण, दुसरी मूर्खपणा. आणि हाकेचं पहिलं वाक्य दोघींचं एकच! पुढचं ऐकायला जो थांबतो त्यालाच कळतं, कोणत्या दारात शिरायचं. माझ्या वर्गात इथे पोचलं की मुलं पान उलटून दोन्ही हाका ताडून बघायची.

म्हणून अर्धं ऐकून पळू नकोस, आणि अर्धं ऐकून अंगावरही जाऊ नकोस. मालक नेमकं काय म्हणतात ते कळव. शब्द लिहायला हात धजत नसेल तर चित्रं लिही. फार वाटलं तर नोकरी सोडून माझ्याकडे ये. खोली रिकामी आहे.

आत्या

---

१६ फेब्रुवारी

आत्या,

येणं शक्य नाही. ती इथे आहे.

तू म्हणालीस म्हणून चित्रं लिहितो, ऐकली त्याच क्रमाने. एका सकाळी, कुणाच्या तरी नावाला लागलेली कीड. मग बडबडणाऱ्या मूर्खाचं कोसळणं. मग वाकड्या वाटेवरच्या माणसाचं उघडं पडणं. पुन्हा एकदा त्या मूर्खाचंच कोसळणं. त्यानंतर तोंडात दडवलेली मारहाण. दुसऱ्या दिवशी पाठीवर काठी. मग गरिबाची धूळधाण. बघ, मी गरीब आहे, बडबड्या आहे, आणि वाट वाकडी आहे म्हणूनच तर इथे आलो. एकही सुटलं नाही! हा माणूस मला वाचतो आहे आणि मोठ्याने वाचून दाखवतो आहे.

तू दोन खोल्या म्हणतेस. आत्या, इथे एकच खोली आहे आणि तिला खिडकीसुद्धा नाही.

आता परवा काय झालं ते ऐक. दुपारी जेवायच्या सुट्टीत मालक कधी नव्हे ते खाली आले आणि मागच्या शेडमध्ये छिन्नी चालवत बसले. म्हणे किती महिन्यांत हातात हत्यार धरलं नव्हतं. ते गेल्यावर मी डोकावलो. माणसाच्या छातीएवढा नवाकोरा काळा दगड. वरचा अर्धा भाग कोरा, आणि खाली एकच ओळ कापलेली. तीच, नावाला कीड लागण्याची. अजून दगडाची भुकटी अक्षरांच्या पोटात तशीच होती. मी बघतोय तोच ती आली, माझ्याकडे बघून पांढरी पडली आणि दगड भिंतीकडे फिरवायला लागली. एकटीला हलेना. मीच हात लावला. माझाच दगड मीच फिरवला, आत्या!

पॉलिशवाला दात काढून म्हणतो, "काय रे, माप घेतलं वाटतं तुझं? काळा रंग शोभेल तुला. पॉलिश मी फुकटात करीन."

"तोंड आवर," मी म्हणालो.

"मी आवरतो. तू तुझी वळकटी आवर. जावई करून घ्यायला कुणी थडगं कापतं का?"

मी तिला विचारलं, "हे कुणासाठी?" ती म्हणाली, "आत्ता नको विचारूस." बस. म्हणजे तिला माहीत आहे. तिलाही भीती आहे.

मी ठरवलं आहे. येत्या सोमवारी तिला सरळ विचारणार, येतेस का माझ्याबरोबर. मालक आडवे आले तर मी काही शेळी नाही. पहार ओट्याखाली ठेवली आहे. चिडू नकोस. मला मरायचं नाही, एवढंच.

चौथं वाक्य विचारलं होतंस. 'उद्या येशील ना?' हे.

---

२० फेब्रुवारी

अरे, पहार ताबडतोब जागच्या जागी ठेव.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र मी सगळ्यात जलद डाकेने पाठवते आहे, सोमवारच्या आधी मिळू दे. उभ्या-उभ्याच वाच.

तुझी चित्रं घेऊन मी पुस्तक उघडलं. मधल्या भागात वचनांची लांबच लांब माळ आहे, आणि तिथे जवळजवळ प्रत्येक वचन मधोमध उलटतं. पहिली ओळ भल्या माणसाची, उजेडाची. दुसरी वाईटाची, अंधाराची. तुझी सगळी चित्रं त्याच माळेतली आहेत. सगळीच्या सगळी दुसऱ्या ओळी आहेत. आणि पुस्तकातल्याच क्रमाने येतात, एकामागून एक, मध्ये एखाददुसरीच तुझ्याकडून सुटलेली. त्या मूर्खाचं कोसळणं पुस्तकातसुद्धा लागोपाठ दोनदा येतं, म्हणून तू ते दोनदा ऐकलंस. गरिबाची धूळधाण तू स्वतःवर घेतलीस, पण तिची वरची ओळ श्रीमंताबद्दल आहे. तुझा तिथे काही संबंध नाही.

शाप देणारा माणूस पुस्तकाच्या क्रमाने शाप देतो का रे? रागावलेला माणूस निवडून मारतो. हे पाठांतर आहे. धडा आहे.

आणखी एक. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला एक बाप मुलाला समोर बसवून धाक घालतो, 'मुला' अशी हाक मारून, परक्या वाटांबद्दल, परक्या दारांबद्दल. मुलीच्या मागे लागलेल्या पोराला घाबरवायचं असतं तर ज्याला सगळं पाठ आहे तो तिथून उचलता. तुझ्या मालकाने तिथलं एकही अक्षर उचललेलं नाही. ते तुझ्याशी बोलतच नाहीत.

मग पहिल्या ओळी कोण म्हणतं? कुणीतरी म्हणत असणार, हळू आवाजात, तुला दिसणार नाही अशा जागी बसून. खिडकीखालच्या भिंतीच्या आत काय आहे ते बघ. आधी बघ, मग बोल. हात खिशात.

मला दगडाचा उलगडा होत नाही, त्याची मलाही धास्ती वाटते. पण माणूस अर्धाच बोलत असेल तर तो अर्धाच कोरेल, एवढं तरी डोक्यात घे.

पोचल्याचं कळव. मी दाराशीच बसून आहे.

आत्या

---

२५ फेब्रुवारी

आत्याबाईंना नमस्कार,

तुम्ही मला ओळखत नाही. मी दगडावर अक्षरं आखते. तुमचं पत्र त्याच्या नावाने आलं होतं, ते मी फोडलं, माफ करा. तो इथे नाही. कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. पत्र मंगळवारी आलं, एक दिवस उशिरा.

तुम्ही इतक्या लांबून बरोबर ओळखलंत. पहिल्या ओळी मी म्हणते. गेल्या वर्षी बाबांना मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, बुद्धी शाबूत आहे, पण बोलायला सुरुवात करता येत नाही. सुरुवात कुणी दिली तर शेवट त्यांच्या तोंडून येतो. लहानपणी ते पहिली ओळ म्हणायचे आणि मी दुसरी. आता उलट. रोज सकाळी खिडकीखाली आतल्या बाजूला जमिनीवर बसून मी दगड आखते आणि हळूच म्हणते. ते उत्तर देतात. गिऱ्हाईक आलं की वचन मीच शोधते, त्यांच्या कानाशी सुरुवात करते. लोक बाबांच्या तोंडून ऐकायला येतात. त्यांना कळलं तर इथे कोण येणार? त्याला सांगायला हवं होतं. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू.

ओटा खिडकीखाली मी हलवायला लावला होता. कारण त्याला सांगू नका.

दगडाचं सांगते. आमच्याकडे शिकाऊ माणसाला आपला मानला की एका दगडावर दोघं कोरतात. वरची ओळ उस्तादाची, खालची शिकाऊची. बाबांना वरची जमेना. म्हणून त्यांनी खालची आपण घेतली आणि वरची त्याच्यासाठी सोडली. ती ओळ चांगल्या माणसाच्या आठवणीबद्दल आहे. मी दगड फिरवला कारण तो अर्धा होता, अर्धा दगड दाखवायचा नसतो. मी घाबरले ते त्याने पाहिला म्हणून.

सोमवारी सकाळी बाबा हातोडी घेऊन त्याच्या ओट्याशी गेले. त्याला द्यायला. समोर उभे राहिले आणि गप्प. तो काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत. मी आतून धावले, तोवर त्याने "मारा! मारा ना!" म्हणून त्यांना ढकललं होतं. बाबा मागच्या दगडांच्या चळतीवर पडले. डोकं फुटलं, हात मोडला. रक्त बघून तो पळाला.

बाबा वाचले आहेत. हाताला प्लास्टर आहे. तो कुठे असेल, तुम्हाला काही सुचतं का? मी त्याच्यावर फार चिडले आहे. पण तो जिवाचं बरंवाईट करून घेईल याची मला जास्त भीती वाटते.

---

२७ फेब्रुवारी

आत्या,

मी माणूस मारला.

त्यांच्या हातात हातोडी होती. त्यांनी उगारली नव्हती. हे मला पळता पळता आठवलं, त्यांनी उगारली नव्हती. दांडा माझ्याकडे होता.

खालच्या पत्त्यावर आहे, पत्ता कुणाला देऊ नकोस. खोलीत अजून तिघं आहेत, मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतो. जिन्यावर बूट वाजले की पोलीस वाटतात. बाबांना सांग... नको, काही सांगू नकोस.

ती ओरडली माझ्या नावाने. त्यानंतर मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

---

२ मार्च

बाळा,

ते जिवंत आहेत. पुन्हा लिहिते, जिवंत आहेत. डोक्याला टाके आणि हाताला प्लास्टर, बाकी धड.

तिचं पत्र सोबत जोडलं आहे. ते शेवटपर्यंत वाच. एक ओळ मी कात्रीने कापली आहे, तुला सांगू नका असं ती म्हणाली होती म्हणून. तिथल्या भोकाकडे बघून डोकं फोडून घेऊ नकोस.

मी तुला 'असू दे' म्हणणार नाही. तू एका मुक्या माणसाला ढकललंस. परत जा. ती तोंडावर दार लावेल, तर दाराबाहेर बस. पोलिसात द्यायचं म्हणाली तर स्वतः चालत जा. तुझ्या बापाला मी सगळं सांगितलं, शपथ मोडली. तो आत जाऊन तुझे लोकरी कपडे काढून बसला आहे. पार्सल येईल.

आत्या

---

२३ मार्च

प्रिय आत्या,

कपडे मिळाले. बाबांना सांग, बाह्या आखूड झाल्या तरी घालतो.

परत आलो त्या दिवशी तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाय पूस." पोलीस नाहीत, काही नाही. मला वाटलं सुटलो. कसला सुटतोय! मला नेऊन खिडकीखाली आतल्या बाजूला जमिनीवर बसवलं. म्हणाली, "मला बाहेरचं बघावं लागतं. आता पहिल्या ओळी तू द्यायच्या. पाठ कर." आणि निघून गेली. मी आणि मालक, डोक्याला पट्टी, गळ्यात हात अडकवलेला. ते माझ्याकडे बघतायत. आत्या, हातोडीच्या दिवशी वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. त्यांना काय आठवतं, काय नाही, चेहऱ्यावरून कळत नाही. विचारलं तर सांगता येत नाही. मी माफी मागितली. माफीला दुसरी ओळ नसते.

मग मी त्या माळेतली पहिली ओळ म्हणालो. त्यांनी दुसरी दिली. तीच, तोच आवाज. पण वरची आधी म्हटली की खालचीत आपण नसतो गं. दोन माणसं असतात, त्यांची त्यांची.

दोन आठवडे बरे गेले. परवा एक गोष्ट झाली, ती सांगायला हे पत्र.

दोन बहिणी आल्या होत्या, दोघीही पन्नाशीच्या. त्यांची आई सुईण होती, त्या भागातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली म्हणे. थोरली बोलत होती, धाकटी नुसती नाक पुसत होती. मी ऑफिसातल्या कपाटाआड बसलेलो. मला खोल पाण्याबद्दलचं वचन सुचलं, मनाच्या तळातून कुणीतरी शहाणा ते वर काढतो ते. हळूच पहिली ओळ दिली. आणि मालक दुसरं काहीतरी बोलले! पुस्तकाच्या शेवटी त्या कर्तबगार बाईची कविता आहे ना, तिच्यातली हात पुढे करण्याची ओळ. भलत्याच घराची खोली या घराला जोडली त्यांनी. आजवर असं कधी झालं नव्हतं. दाराशी ती उभी होती, तिच्या ओठांचा रंग उतरला. म्हणजे आता हेही जायला लागलं.

थोरली खुर्चीत पुढे सरकली. मग म्हणाली, "पुन्हा म्हणा."

मालकांना पुन्हा कुठून म्हणता येणार? ते मान वळवून कपाटाकडे बघायला लागले. बहिणींनीही तिकडे पाहिलं. मी तिथेच दडून राहिलो असतो तर त्या उठून गेल्या असत्या. मी बाहेर आलो. त्यांच्या समोर जाऊन, चांगल्या मोठ्या आवाजात, खोल पाण्याची ओळ म्हणालो. मालकांनी हातांची म्हटली. अगदी मघाचीच.

धाकटी रडायला लागली. म्हणाली, "आईच आहे ही."

थोरलीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "म्हणजे हे तुम्ही दोघं मिळून म्हणता होय?"

संपलं सगळं, असं मला वाटलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेव्हा दारातून ती म्हणाली,

"तिघं."

थोरली म्हणाली, "मग तिघांनी मिळून कोरा. पण वेळेत द्या, नाहीतर आमची आई वरून ओरडेल."

असं वचन पुस्तकात नाही, हे मला कळतं. कोरावं की नाही ते तू सांग, मी थांबलो आहे. आणि खरं सांगू का, भीती गेलेली नाही. पूर्वी ते काय बोलतील याची होती. आता एखाद्या सकाळी मी ओळ देईन आणि वरून काहीच येणार नाही, याची आहे. तिलाही तीच आहे. आम्ही एकमेकांना सांगत नाही, फक्त ती हल्ली माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसते.

आता आवरतो. ती हाक मारते आहे. मालक उठलेत, खुर्चीत येऊन बसलेत, आणि वाट बघतायत.